आकडा जुळला होता

बावीस वर्षांत मी किती याद्या केल्या, याची यादी मात्र मी केलेली नाही. केली असती तर संपादकांना तीच पाठवून मोकळी झाले असते.

सुरतेत, पांडेसऱ्यातल्या एका डाइंग-प्रिंटिंग मिलच्या टाइम ऑफिसात मी काम करते. टाइम ऑफिसचं काम चार वाक्यांत सांगता येतं. आज कोण आलं. कोण नाही आलं. कोण रजेवर आहे. कोण सोडून गेलं. बाकी मिलमध्ये रंग उकळतात, कापड सुकतं, ट्रक भरतात. आमच्याकडे फक्त नावं असतात. गुजराती मंडळी मला उज्ज्वलाबेन म्हणतात, आपली खानदेशी माणसं ताई म्हणतात. घरी मला लिस्टवाली म्हणतात, कारण आमच्या फ्रिजवर गॅस सिलेंडर लावल्याच्या तारखा आणि संपत आलेल्या डाळींची नावं चिकटवलेली असतात. चेष्टा करणारे डाळ संपली की तिथेच येऊन बघतात.

हे काम मला नानांनी शिकवलं. नाना म्हणजे माझ्याआधीचे टाइमकीपर, अमळनेरकडचे. मोठ्या कापडी पुठ्ठ्याच्या मस्टरमध्ये ते हजेरी लिहायचे. यादी पुरी झाली की तपासायची कशी, त्याचे त्यांचे तीन नियम होते. पहिलं नाव बघ, शेवटचं नाव बघ, आकडा बघ. "तिन्ही जुळलं की सही कर आणि चहा पी," असं ते म्हणायचे. मी ते तिन्ही नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले.

नानांची चौथी एक सवय होती. ती त्यांनी नियम म्हणून सांगितली नाही, म्हणून मी लिहून घेतली नाही. मस्टरच्या समासात, नावाच्या बाजूला, ते पेन्सिलीने एखादा शब्द लिहायचे. 'चष्मा'. 'डावखुरा'. 'नंदुरबारचा'. आमच्याकडे पाटील इतके, की भिंतीला टेकून "पाटील" म्हटलं तर दहाजण वळून बघतात. 'संजय भिका पाटील' या नावाची तर दोन माणसं होती, नाव-वडील-आडनाव तिन्ही तेच. एकापुढे नानांनी लिहिलं होतं 'मामा', कारण तो लहानथोर सगळ्यांना मामा म्हणतो. दुसऱ्यापुढे लिहिलं होतं 'स्टेंटर', कारण तो कापड सुकवायच्या त्या मशीनवर असायचा.

पुढे हजेरी कॉम्प्युटरवर गेली. समासाला तिथे जागा नव्हती.

कॉम्प्युटरवरची हजेरी म्हणजे एका बाहेरच्या कंपनीचं संकेतस्थळ होतं. तिथे सगळं दिसायचं, पण तिथून काही बाहेर काढायचं म्हटलं की सोय नसायची. रोज सकाळी मी पन्नास ठिकाणी क्लिक करून नावं बघायची आणि आपल्या शीटमध्ये उतरवायची. दीड तास त्यात जायचा. सेहेचाळिसाव्या वर्षी मला या गोष्टीचा कंटाळा आला. मोबाईलवर हिंदीतले व्हिडिओ बघून मी एक साधन वापरायला शिकले. ब्राउझर आपल्या हाताने चालवायच्या ऐवजी त्याला सूचना लिहून द्यायच्या: हे पान उघड, इथे क्लिक कर, थोडं थांब, खाली सरक, जे दिसेल ते वाच, शीटमध्ये लिही. मग तो आपला आपण चालतो. पडद्यावर बाण एकटाच फिरताना बघून शेजारच्या टेबलावरच्या मीताबेन पहिल्या दिवशी खुर्चीतून उठल्याच. तेव्हापासून ऑफिसात त्याचं नाव 'भूत'. "उज्ज्वलाबेन, भूत बसाडी दीधुं?" असं त्या रोज विचारायच्या, आणि मी बसवलं म्हणायची.

भुताला सूचना देणं मला लगेच जमलं, याचं मला नवल वाटलं नाही. ती एक यादीच असते. एकाखाली एक, क्रमाने, काही न गाळता. माणसाला सांगताना आपण निम्मं गाळतो, कारण समोरचा समजून घेतो. भूत समजून घेत नाही. 'थांब' लिहिलं नाही तर ते थांबत नाही, पान उघडायच्या आधीच वाचायला लागतं आणि कोरा कागद आणून देतं.

पहिला घोळ आखाजीला झाला. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात हा सण केवढा मोठा, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. त्या आठवड्यात पांडेसऱ्यातल्या गल्ल्या ओस पडतात. रजेचे अर्ज त्याच संकेतस्थळावर येत. मी भुताला पाठवलं, त्याने यादी आणली. चौदा नावं. आमचे मॅनेजर जयेशभाई कागद बघून खूश झाले.

"बेन, आ वखते तो चौद ज जण गाम जाय छे!"

"जयेशभाई," मी म्हटलं, "चौदा माणसं तर एकट्या शिरपूरच्या गाडीत बसतात."

मी पान स्वतः उघडलं. पानाच्या मधोमध एक चौकट होती. अर्जांची यादी त्या चौकटीच्या आत होती आणि एका वेळी तिच्यात चौदाच ओळी मावत होत्या. भुताला मी सांगितलं होतं 'खाली सरक'. त्याने इमानदारीने अख्खं पान खाली सरकवलं होतं, तळापर्यंत. चौकट आपल्या जागी, चौकटीतली यादी आपल्या जागी. खरे अर्ज निघाले एकाहत्तर. जयेशभाईंचा चेहरा मला अजून आठवतो.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना समजावं म्हणून आमच्या मिलचाच दाखला देते. फोल्डिंग खात्यात कापड तपासायचं टेबल असतं. ताका लांबच लांब, टेबल हातभर. तपासणारा समोर आलेलं कापड बघतो, मग ते आपल्याकडे ओढतो, मागचं कापड टेबलावर येतं. आता एखाद्याने कापडाच्या ऐवजी टेबलच ओढलं तर काय होईल? टेबल खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाईल, वर तेच कापड राहील. माझ्या भुताने टेबल ओढलं होतं. मग मी सूचना बदलली. आधी त्या चौकटीला नेमकं ओळख, बाण तिच्यावर ने, आणि पान नाही तर चौकटीच्या आतलं सरकव.

त्यातही एक मेख होती. टेबलावरून पुढे गेलेलं कापड जसं खाली टोपलीत पडतं आणि दिसेनासं होतं, तशी अशा चौकटीतली वर गेलेली नावं पानावरून पुसलीच जातात. म्हणजे शेवटी एकदम वाचू म्हणून चालत नाही, प्रत्येक ओढीला वाचावं लागतं. आणि ओढ जास्त झाली तर मधली एखादी ओळ निसटते. फोल्डिंगवाले यासाठी एक युक्ती करतात. पूर्ण टेबलभर कापड ओढत नाहीत, वीतभर मागचं टेबलावर राहू देतात. सांध्यावरचा डाग सुटत नाही. मी तीच युक्ती उचलली. दर ओढीला दोन ओळी जुन्या राहू दिल्या. त्यामुळे काही नावं दोनदा येत. मग शेवटची सूचना: दोनदा आलेली नावं काढून टाक.

ही शेवटची सूचना लिहिताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, हे कबूल करायला हवं. वहीत मी तिच्याखाली रेघ मारली होती.

गेल्या वर्षी आमची मिल पांडेसऱ्यातून पलसाण्याला हलली. हायवेलगत नवी जागा, नवी मशीनं, नवं गेट. गेटवर चेहरा ओळखणारं हजेरीचं यंत्र आणि एका एजन्सीचे नवे वॉचमन, आमच्या एकाही माणसाला न ओळखणारे. ठरलं असं की जुन्या यादीतल्या प्रत्येकाने नव्या गेटवर यायचं, नाव सांगायचं, चेहरा द्यायचा आणि कामाला लागायचं. यादीत नसेल त्याला आत घ्यायचं नाही. जुन्या हजेरीच्या कंपनीशी करार संपत होता. पान बघता येत होतं, बाकी सगळं बंद. मी भुताला नावं आणायला बसवलं. चौकट उजवीकडेही सरकत होती, तिकडे प्रत्येकाचा टोकन नंबर, म्हणजे कामगार क्रमांक, आणि तो कुठल्या खात्यात आहे ते होतं. पण नव्या गेटवर टोकन नवेच मिळणार होते, म्हणून मी फक्त नावाची पट्टी घेतली. कमी सामान, कमी घोळ.

काम झाल्यावर मी नानांचे नियम लावले. पहिलं नाव जुळलं. शेवटचं नाव जुळलं. पानावर वर लिहिलं होतं एकूण ३८६. माझ्या शीटच्या डाव्या कडेला शेवटच्या ओळीचा आकडा ३८६. मी सही केली आणि चहा प्याले.

गेट सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी कामाच्या गर्दीत, पलसाण्याहून वॉचमनचा फोन आला. मी तेव्हा अजून पांडेसऱ्याच्या ऑफिसातच होते, उरलेली कपाटं भरत.

"मैडम, एक आदमी आया है. इस नाम का आदमी तो कल चेहरा देके गया. ये बोलता है मैं अलग हूँ. लिस्ट सही है ना?"

"लिस्ट सही है," मी म्हटलं. "तीन सौ छियासी पूरे हैं."

फोन दहा सेकंदांत संपला. 'नाव काय?' एवढं मी विचारलं असतं तर हा लेख लिहायला विषय राहिला नसता. मी विचारलं नाही. कपाटावर चिठ्ठी लावायची राहिली होती.

आठ दिवसांनी माझं टेबल पलसाण्याला गेलं. तिथे पहिल्याच सकाळी, शनिवारी, जयेशभाई कागद घेऊन आले. स्टेंटरवरचा ऑपरेटर संजय पाटील आठ दिवस आला नाही, एजन्सीकडून दुसरा माणूस घेतलाय, याचं नाव सोडून गेलेल्यांत टाका.

स्टेंटर म्हणजे लांबलचक मशीन. कापडाचे दोन्ही काठ पिनांत धरून ते गरम खोल्यांमधून पुढे नेतं, सुकवतं, पन्हा सरळ करतं. उष्णता थोडी चढली तर कापड पिवळं पडतं, वेग चुकला तर पन्हा आखडतो. संजय सोळा वर्षं त्यावर होता. कापडाला हाताचा मागचा भाग लावून तो उष्णता सांगायचा आणि मीटर बघितलं तर मीटरही तेच म्हणायचं.

"कारण?" मी विचारलं. माझ्या सोडून गेलेल्यांच्या यादीत कारणाचा रकाना आहे. तो रिकामा ठेवून मी नाव घेत नाही.

"लखी नाखो, आव्यो नथी." आला नाही, एवढंच लिहून टाका म्हणे.

"ते कारण नाही, जयेशभाई. सोळा वर्षांचा माणूस असा उठून जात नाही."

"गुस्सावाळो माणस छे," ते म्हणाले. गेल्या महिन्यात घाईची ऑर्डर होती, जयेशभाईंनी वेग वाढवायला सांगितला, संजयने सगळ्यांसमोर मशीन बंद केलं आणि म्हणाला, वाढवा तुम्हीच. ते मलाही ठाऊक होतं. कापड वाचलं होतं, पण ते बोलणं जयेशभाईंच्या मनात राहिलं होतं.

नाव खोडायला मी यादी उघडली. संजय भिका पाटील, एकच ओळ. समोर चेहरा दिल्याची तारीख, रोजची हजेरी भरलेली. म्हणजे मामा. दुसरी ओळ शोधली. नव्हती.

मी पुन्हा आकडा बघितला. ३८६. एक माणूस कमी आणि आकडा बरोबर, हे होऊच शकत नाही. मी यादी अगदी वर नेली. आणि मग ते दिसलं. ओळ क्रमांक एक: 'कर्मचाऱ्याचं नाव'. मथळा. चौकटीच्या माथ्यावर तो कायम चिकटलेला असायचा, भुताने दर ओढीला तो वाचला, आणि 'दोनदा आलेली नावं काढ' म्हटल्यावर सगळे मथळे काढून एक ठेवला. त्याच सूचनेने दोन संजयांतला एक काढला. एक माणूस गेला, त्याच्या जागी मथळा माणूस म्हणून मोजला गेला, आणि आकडा जुळला. शीटमध्ये मथळ्याची ओळ वजा करायची असते हे ऑफिसातल्या नव्या मुलीला मीच शिकवते.

मला सगळ्यात जास्त काय लागलं, ते सांगते. भुताला दोन संजय आहेत हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं. सोळा वर्षं माहीत होतं. दोघांच्या मुलांची नावं मला सांगता येतात.

आणि मग तो फोन आठवला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी बमरोलीला गेले. संजयची खोली गल्लीच्या टोकाला, वर पत्रा. त्याची बायको मंगला दारात मेथी निवडत बसली होती.

"या ताई, बठा," ती म्हणाली आणि आवाज खाली आणला. "आठ दिन व्हयनात, धड जेवतबी नहीत. कोनशी बोलतबी नहीत."

संजय आतून बाहेर आला. दाढी वाढलेली. मला बघून त्याने बनियनवर शर्ट चढवला.

"मनं नाव काढी टाकं ना त्यासनी?" तो म्हणाला. "मी तठे परत जावाव नही, ताई."

पुढचं सगळं बोलणं आमच्या अहिराणीत झालं. सगळ्या वाचकांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहिते.

"त्यांनी नाही काढलं," मी म्हटलं. "माझ्याकडून गेलं."

"कशाला जयेशभाईवर पांघरूण घालता? मी मशीन बंद केलं, त्याने मला बंद केलं. सरळ हिशेब आहे."

"संजय, चूक माझ्या यादीत आहे."

तो हसला. आठ दिवसांत पहिल्यांदा हसला असेल, कारण मंगलाने मेथीतून मान वर केली.

"तुमच्या यादीत? ताई, सोळा वर्षांत माझी अर्धी रजासुद्धा तुमच्या हातून इकडची तिकडे झाली नाही. तुमच्या यादीत चूक म्हणजे... मी नाही मानत."

यापेक्षा ऐकायला वाईट असं दुसरं काही तो म्हणूच शकला नसता. मी पिशवीतून कागद काढला. मथळा दाखवला. मामाची ओळ दाखवली. कापड, टेबल, वीतभर मागे ठेवणं, सगळं सांगितलं. फोल्डिंग त्याला माहीत होतं, म्हणून लवकर समजलं. कागद त्याने दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितला.

"म्हणजे माझ्या जागी हे बसलं," त्याने मथळ्यावर बोट ठेवलं.

"हो."

"आणि गेटवरचा मला म्हणाला, दुसऱ्याच्या नावावर घुसतोस. रांगेत चाळीस माणसं होती. त्याने ऑफिसला फोन लावला. म्हणाला, मॅडम बोलली लिस्ट बरोबर आहे." त्याने कागद खाली केला. "ती मॅडम कोण होती, ताई?"

हा प्रश्न येणार हे मला घरून निघतानाच माहीत होतं. वाटेत रिक्षात मी उत्तराचे दोन-तीन प्रकार करून बघितले होते. सगळे लांबलचक होते.

"मी," मी म्हटलं. "नाव विचारलं नाही मी. आकडा सांगितला."

मंगला उठली. "मी चहा मांडस," एवढं म्हणून आत गेली. संजय म्हणाला, "फोन मीच लावायला हवा होता तुम्हाला. पण मला वाटलं, तुम्हाला माहीतच असेल. यादी तुमची."

चहा झाल्यावर मी म्हटलं, उद्या सकाळी गेटवर ये, मी तिथे असेन. तो येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही.

सोमवारी मी पाळीच्या आधी पाऊण तास गेटवर जाऊन उभी राहिले. माणसं चेहरा देत आत जात होती आणि मला बघून विचारत होती, "ताई, आज बाहेर कशा?" मामा आला. "काय मामा, कोणाची वाट?" म्हणाला. मी म्हटलं, तुझ्या नावाची. त्याला सगळं कळलं होतं. त्यानेच मग थांबायचं ठरवलं. संजय अगदी शेवटी आला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. स्टेंटरवर इस्त्रीचा शर्ट घालून कोणी येत नाही.

मी वॉचमनला दोघांना शेजारी उभं करून दाखवलं. "नाम एक है, आदमी दो हैं. गलती लिस्ट की थी, लिस्ट मेरी है." हे मी हळू बोलणार होते, पण रांग गप्प झाली होती, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. वॉचमन भला माणूस होता. त्याने संजयला "सॉरी भाई" म्हटलं. मामा म्हणाला, "बघ मामा, आपलं नाव मी आठ दिवस एकट्यानेच वापरलं," आणि रांगेतले हसले. संजयही थोडा हसला.

आत जयेशभाईंकडे गेलो. मी सगळं सांगितलं.

"कॉम्प्युटरनी भूल छे, बेन," ते म्हणाले. "तमारी नहीं."

"कॉम्प्युटरने मी सांगितलं तेच केलं. कारणाच्या रकान्यात माझं नाव लिहा. पण याला त्याच्या मशीनवर घ्या."

जयेशभाई वाईट माणूस नाहीत. ते खरंच अवघडले. नवा ऑपरेटर मागच्या आठवड्यात घेतला होता, एजन्सीशी सहा महिन्यांचं बोलणं झालं होतं, आणि नवं स्टेंटर वेगळ्या बनावटीचं, त्याला ते आधीपासून येत होतं. संजयला फोल्डिंगमध्ये जागा होती. पगार तोच, सोळा वर्षं कायम, मधले आठ दिवस हजर धरायचे. ही शेवटची गोष्ट मी तिथल्या तिथे लिहून त्यांची सही घेतली. स्टेंटरचं 'पछी जोईशुं' झालं. नंतर बघू.

मी आणखी बोलणार होते. संजयने हात केला. "राहू द्या ताई. फोल्डिंग तर फोल्डिंग."

गेटवरून फोन आला तेव्हाच मी नाव विचारलं असतं, तर तो आपल्या मशीनवरच राहिला असता; तेव्हा स्टेंटरवर दुसरा माणूस आलेला नव्हता. ही गोष्ट मी कुठल्याच यादीत लिहिलेली नाही, पण ती पाठ आहे.

त्यानंतर नव्या गेटच्या हजेरीच्या पानासाठी मी सूचना दुरुस्त केल्या. आता भूत चौकट आधी खाली सरकवतं, मग उजवीकडे सरकवतं, नावाबरोबर टोकन नंबर आणतं, आणि दोनदा आलेलं काढताना नाव नाही, नंबर बघतं. मथळा वगळतं. वगळलेल्या प्रत्येक ओळीची वेगळी शीट मला आणून देतं, आणि ती मी माझ्या डोळ्यांनी वाचते. काय घेतलं याची यादी सगळेच ठेवतात. काय टाकलं याची यादी ठेवायला मला बावीस वर्षं लागली. वहीच्या पहिल्या पानावर, नानांच्या तीन नियमांखाली, मी चौथा लिहिला: कोणी विचारलं तर आधी नाव विचार, आकडा नंतर.

आणि शीटमध्ये एक रकाना वाढवला. 'ओळख'. नानांचा समास. तो कुठल्याही पानावर नसतो, कुठलीही चौकट सरकवून मिळत नाही. त्यासाठी मी महिनाभर जेवणाच्या सुट्टीत एकेका खात्यात जाऊन माणसांना विचारलं, तुझ्यापुढे काय लिहू? मिल हसली. कोणी म्हणालं हिरो लिहा. कोणी म्हणालं बायकोला विचारून सांगतो. मामाने सांगितलं, "मामा. दुसरं काही लिहिलं तर मी ओळखूच येणार नाही, मामा."

फोल्डिंगमध्ये शेवटी गेले. संजय टेबलावर उभा होता. कापड बघत होता, ओढत होता, वीतभर मागे ठेवत होता. चांगलं काम करतो, तिथला मुकादमही म्हणतो. पण अधूनमधून सवयीने हाताचा मागचा भाग कापडाला लावतो. तिथे कापड गार असतं.

माझ्याकडे नानांच्या जुन्या मस्टरचं ते पान होतं. पेन्सिल पुसट झालेली, पण वाचता येत होती.

"नानांनी 'स्टेंटर' लिहिलं होतं," मी म्हटलं. "आता काय लिहू? फोल्डिंग लिहू?"

त्याने हात थांबवला. पान बघितलं. नानांचं अक्षर ओळखून मान हलवली.

"तेच राहू द्या," तो म्हणाला. "मशीन काय, आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. ओळख बदलली तर सगळ्यांना नव्याने सांगत बसावं लागेल."

आणि त्याने पुढचं कापड ओढलं.

माझ्या यादीत आज तीनशे पंच्याऐंशी माणसांपुढे खरं ते लिहिलं आहे. एकापुढे खरं नाही. दर महिन्याला तपासताना माझं बोट त्या ओळीवर थांबतं, आणि दर महिन्याला मी ती आहे तशी सोडून पुढे जाते.